शनिवारच्या एमबीएतला ‘नेतृत्व’ विषय : तीस तासांचा हिशेब

गेल्या दोन महिन्यांत चार जणांनी फोन करून मला एकच गोष्ट विचारली. नोकरी सांभाळून एमबीए करतोय, दुसऱ्या वर्षाला ‘नेतृत्व’ नावाचा विषय आहे, त्यात खरंच काही शिकवतात की नुसतं भाषण असतं? चौघंही चाकण-भोसरी पट्ट्यातले, कुणी उत्पादनात, कुणी खरेदीत. फोनवर प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, म्हणून आता एकदाच बसून सगळं लिहिते. संस्थेचं नाव लिहीत नाही. माझ्या ज्या मैत्रिणी दुसऱ्या ठिकाणी शिकल्या त्यांच्याशी बोलले तेव्हा लक्षात आलं की थोड्याफार फरकाने सगळीकडे असंच असतं. त्यामुळे नावापेक्षा काय बघायचं हे कळणं जास्त कामाचं.

मी भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये गुणवत्ता विभाग बघते. पत्र्याचे भाग, सीटचे ब्रॅकेट, दाराचे बिजागर असला माल. हाताखाली 23 माणसं, तीन शिफ्ट. गाव राजगुरुनगरजवळ. एमबीएची दोन वर्षांची फी साडेआठ लाख, त्यातली निम्मी कंपनीने भरली आणि बदल्यात दोन वर्षं सोडून जाणार नाही असं लिहून घेतलं. निम्मी घरातून गेली. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्यातून गेली, म्हणून कुठल्या विषयाने काय दिलं याचा हिशेब मी सुरुवातीपासून ठेवत आले.

नेतृत्वाचा विषय 30 तासांचा होता. 10 सत्रं, दर शनिवारी दुपारी 2 ते 5, वर्गात 54 जण. शिकवायला एक मॅडम, त्यांनी स्वतः 20 वर्षं कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागात काढलेली. माझं मत आधीच सांगून टाकते. दहातल्या चार सत्रांसाठी मी पुन्हा पैसे भरायला तयार आहे, तीन ठीक होती, आणि तीन काढून टाकली तर कुणाचं काही बिघडणार नाही.

जी चार सत्रं सोन्यासारखी गेली त्यातलं पहिलं एव्हरेस्टचं. हार्वर्डने तयार केलेला संगणकावरचा सराव आहे तो, जगभरच्या व्यवस्थापन शाळांत वापरतात. पाच जणांचा गट करतात: म्होरक्या, डॉक्टर, छायाचित्रकार, मॅरेथॉनपटू आणि पर्यावरणवाला. एकेक तळ गाठत शिखराकडे जायचं. प्रत्येक फेरीला ठरवायचं की वर चढायचं की आजचा दिवस तळावरच थांबायचं. गोम अशी की प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळी माहिती येते आणि प्रत्येकाची उद्दिष्टंही थोडी वेगळी असतात, काही तर एकमेकांना छेद देणारी. ते आपल्याला आधी नीट उमगत नाही. आपल्याला वाटतं, मला दिसतंय तेच सगळ्यांना दिसतंय.

मी डॉक्टर होते. चौथ्या फेरीच्या सुमाराला एका गड्याची तब्येत उतरत चालल्याची खूण माझ्या माहितीत होती. म्होरक्या झालेला मुलगा एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीतला, बोलायला फर्डा. तो म्हणाला, ‘‘सगळे ठीक आहोत ना? मग चला वर.’’ मी तोंड उघडलं आणि मिटलं. मनात आलं, आपण एकट्यानेच कशाला खोडा घालायचा, त्याने काहीतरी बघूनच ठरवलं असेल. पुढच्या फेरीला त्या गड्याला खाली न्यावं लागलं. गटाचे गुण गेले, त्याचं मला काही वाटलं नाही. पण मॅडमनी नंतर पडद्यावर कुणाला काय माहीत होतं ते शेजारी शेजारी लावून दाखवलं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. माझ्या नावासमोर ती ओळ लख्ख दिसत होती. माझ्या लायनीवरची पोरं माझ्यापुढे हेच करत असणार, हे मला त्या क्षणी कळलं. मी विचारते, ‘‘सगळं ओके ना?’’ आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या मशीनकडे जाते.

त्यानंतर खऱ्या घटनेवर चर्चा झाली. 10 मे 1996 ला एव्हरेस्टवर दोन व्यावसायिक तुकड्या शिखराकडे निघाल्या होत्या. दुपारी 2 च्या सुमाराला, शिखर गाठलेलं असो नसो, मागे फिरायचं अशी वेळेची मर्यादा बोलण्यात होती. अनेक जण त्यानंतरही वरच जात राहिले, वादळ आलं, आणि दोन्ही तुकड्यांचे प्रमुख, रॉब हॉल आणि स्कॉट फिशर, परत आले नाहीत. आमच्या वर्गात सैन्यातून निवृत्त झालेले एक साहेब होते. त्यांनी हात वर करून सांगितलं की त्याच वादळात तिबेटच्या बाजूने चढणारे आपल्या भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे तीन जवानही गेले, आणि त्यांच्याबद्दल या केसमध्ये, म्हणजे वर्गात चर्चेला दिलेल्या घटनेच्या टिपणात, ओळही नाही. वर्ग गप्प झाला. मॅडमनी ते फळ्यावर लिहिलं आणि पुढचा अर्धा तास त्यावरच बोलल्या, की आपण कुणाच्या चुका अभ्यासाला घेतो आणि कुणाच्या घेतच नाही. पाठ ठरलेला होता, पण त्यांनी तो बाजूला ठेवला. विषय घेण्याआधी शिकवणारं माणूस कोण आहे ते बघा असं मी सगळ्यांना सांगते, ते यासाठी.

दुसरं सत्र समज देण्याचं. हाताखालच्या माणसाला त्याची चूक कशी सांगायची. दोघांनी समोरासमोर बसायचं, एक साहेब, एक कामगार, आणि सगळं कॅमेऱ्यात टिपायचं. मी माझंच खरं प्रकरण घेतलं. आमच्याकडे एक ऑपरेटर आहेत, वय 54, मी नोकरीला लागले तेव्हापासून त्यांना काका म्हणते. शिफ्ट सुरू झाली की डायमधून म्हणजे साच्यातून निघालेला पहिला नग गेजवर, म्हणजे माप तपासायच्या साधनावर, तपासून कार्डावर आकडा लिहायचा असतो. काका न तपासताच कार्ड भरतात हे मला दोनदा दिसलं होतं आणि मी दोन्ही वेळा गप्प बसले होते. काकांचं काम करायला सोलापूरकडचे एक बँक मॅनेजर बसले.

पहिल्यांदा इंग्रजीत झालं, कारण वर्गाची भाषा ती. मी छान बोलले. वाक्यं सगळी सरळ, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे आधी घटना, मग परिणाम, मग अपेक्षा. मॅडमनी विचारलं, ‘‘त्या माणसाशी तू या भाषेत बोलणार आहेस का?’’ मग म्हणाल्या, आता मराठीत कर.

मराठीत माझं पहिलंच वाक्य अडलं. ‘‘काका, तुम्ही...’’ म्हणाले आणि पुढे सरकता येईना. काका म्हटलं की मी लहान झाले. घरात काकाला आपण समज देत नाही. आडनावाने हाक मारून बघितली, तर समोरचे बँकवाले खुर्चीत ताठ झाले, म्हणाले, ‘‘आता मला मेमो मिळणार असं वाटलं.’’ तिसऱ्यांदा मी पुन्हा काका म्हटलं, पण कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि विचारलं, ‘‘काका, हा आकडा तुम्ही गेजवर बघून लिहिलाय?’’ आणि थांबले. कॅमेऱ्यात बघितलं तर ते थांबणं नऊ सेकंदांचं होतं. मला ते दोन मिनिटांचं वाटलं होतं. बँकवाले खाली बघून म्हणाले, ‘‘नाही ताई, गेज तिकडं लांब टेबलावर असतंय.’’ ते त्यांनी आपल्या मनानेच जोडलं, त्यांना आमच्या शॉपची काहीच माहिती नव्हती. पण सोमवारी मी जाऊन बघितलं तर गेजचं टेबल काकांच्या प्रेसपासून 40 पावलांवर होतं. शिफ्टच्या सुरुवातीच्या घाईत जाऊन-येऊन 80 पावलं आणि रांग. आता त्या प्रेसजवळच एक गेज टांगलेलं आहे.

या एका सत्राने मला जे दिलं ते नेतृत्वाच्या कुठल्याही व्याख्येने दिलं नसतं. आणि माझी पहिली मोठी तक्रारही इथूनच सुरू होते. 30 तासांपैकी मराठीत किंवा हिंदीत बोलायला मिळालं ते फक्त या एका सत्रात, तेही मॅडमच्या स्वतःच्या डोक्यातून आलं म्हणून. आमच्यातले निम्म्याहून जास्त लोक दिवसभर मराठी-हिंदीत माणसं सांभाळतात. तू म्हणायचं की तुम्ही, दादा म्हणायचं की नावाने हाक मारायची, सगळ्यांसमोर बोलायचं की चहाला बाजूला नेऊन, हे आमचे रोजचे निर्णय आहेत. अभ्यासक्रमाच्या कागदावर यातलं काही नाही. पुण्यात शिकवायचं आणि पुण्यातली माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते वर्गात येऊच द्यायचं नाही, हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

संशोधनाची दोन सत्रं होती, तीही चांगली. एकात जुना प्रयोग आला. 1930 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे गट केले. मुलं मुखवटे वगैरे बनवायची. कुठे मोठा माणूस नुसते हुकूम सोडायचा, कुठे मुलांना विचारून ठरवायचा, कुठे काहीच करायचा नाही. हुकूमवाला खोलीत असेपर्यंत काम जोरात, तो बाहेर गेला की हात थांबायचे. विचारून चालणाऱ्या माणसाच्या गटात तो नसतानाही काम बऱ्यापैकी चालू राहायचं. मी वहीत बाजूला फक्त ‘तिसरी शिफ्ट’ एवढंच लिहिलं. आमच्याकडे रात्रीचं रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, कायम जास्त, आणि त्याचं कारण आम्ही झोपेत शोधत आलोय.

दुसऱ्यात हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांचं काम आलं. त्यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या गटांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुका तपासल्या. चांगल्या गटांत चुका कमी सापडतील अशी त्यांची अपेक्षा होती, निघालं उलटंच. चांगल्या गटांत चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथली माणसं चूक झाली तर सांगत होती. गुणवत्तेत काम करणाऱ्या माणसाला हे ऐकून झोप लागत नाही. आमच्या फलकावर ज्या लायनीसमोर महिनोन् महिने शून्य लिहिलेलं असतं आणि जिचा सत्कार होतो, ती लाइन खरंच स्वच्छ आहे की तिथे कुणी तोंड उघडत नाही? मी त्या लायनीवर एक आठवडा स्वतः उभी राहिले. काय सापडलं ते कंपनीचं आहे, इथे लिहिणार नाही.

मुंबईच्या डबेवाल्यांचं सत्र मात्र हातचं गेलं. हार्वर्डने त्यांच्यावर 2010 मध्ये केस लिहिली, ती आपल्याकडे बहुतेक सगळीकडे शिकवतात. आमच्या खेड तालुक्यातून, मावळ-जुन्नर-आंबेगावातून ही माणसं मुंबईला गेली. माझ्या आजोळच्या गल्लीत दोन घरं डबेवाल्यांची आहेत. वर्गात तीन तास डब्यावरच्या खुणा, रंग, लोकल गाड्या आणि चुका किती कमी होतात यावर गेले. ते सगळं खरं आणि कौतुकाचं आहेच, पण विषय नेतृत्वाचा होता ना? मग मुकादमाबद्दल बोलायला हवं होतं. मुकादम म्हणजे त्याच गटातून वर आलेला जुना माणूस. नवीन पोरगा तयार करणं, गिऱ्हाइकाची कुरबुर निस्तरणं, गटातली भांडणं मिटवणं, कुणी आजारी पडला तर त्याची फेरी भरून काढणं, हे सगळं त्याच्याकडे. कमाई गटात वाटली जाते, त्यामुळे त्याचा मान पगारावर नाही, शब्दावर चालतो. मी हात वर करून हे सांगितलं तर त्या दिवशी आलेले पाहुणे प्राध्यापक ‘‘गुड पॉइंट’’ म्हणाले आणि पुढची स्लाइड लावली. इंग्रजी पुस्तकातून ‘लीडर’ शोधायला निघालेल्या वर्गात मुकादम हा शब्द आपणहून चालत आला होता आणि त्याला बसायला कुणी जागा दिली नाही. मला आजही वाईट वाटतं.

मोठ्या माणसांच्या गोष्टींचं एक सत्र होतं. त्यात रवी मथाई यांची गोष्ट मला पहिल्यांदा कळली. अहमदाबादचं आयआयएम 1961 मध्ये सुरू झालं, हार्वर्डच्या मदतीने, म्हणून केस पद्धतही तिथून आली. 1965 मध्ये मथाई तिथले पहिले पूर्णवेळ संचालक झाले आणि 1972 मध्ये त्यांनी आपणहून खुर्ची सोडली. सोडून कुठे मोठ्या पदावर गेले नाहीत, त्याच संस्थेत प्राध्यापक म्हणून राहिले. पुढे राजस्थानातल्या जवाजा भागात चामडं कमावणाऱ्या आणि विणकाम करणाऱ्या लोकांबरोबर काम केलं. भोसरीतल्या घरच्या मालकीच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला विचारा, कालपर्यंत जिथे आपलं राज्य होतं तिथेच साधं माणूस होऊन राहणं म्हणजे काय. या एका गोष्टीवर पूर्ण सत्र हवं होतं. मिळाली वीस मिनिटं, बाकीचा वेळ ध्रुवावर अडकलेल्या जहाजांना आणि क्रिकेटच्या कर्णधारांना गेला.

आता जी काढून टाकावीत ती. चार इंग्रजी अक्षरांत माणसाचा स्वभाव सांगणारी चाचणी आमच्याकडून भरून घेतली आणि दुपारभर त्यावर चर्चा झाली. बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात, त्यांना या टोकाच्या किंवा त्या टोकाच्या डब्यात टाकण्यावर मानसशास्त्रज्ञांचे आक्षेप आहेत, हे सांगायला हवं होतं. ते सांगितलं नाही. परिणाम असा की आमचा एक वर्गमित्र अजूनही म्हणतो, ‘‘मला माणसांशी बोलायला जमत नाही, माझी अक्षरंच तशी आहेत.’’ शिकायला आलेल्या माणसाच्या हातात न शिकण्याचं कारण देऊन पाठवणं, हे गंभीर आहे.

मुळशीजवळच्या रिसॉर्टवरची सहल दोन सत्रांच्या तासांत धरलेली होती, आणि त्याचे प्रत्येकी साडेसहा हजार वेगळे घेतले. दोऱ्या, पिंपं, डोळे बांधून चालणं. ओळखी झाल्या, जेवण छान होतं, संध्याकाळी गाणी झाली. पण सोमवारी कारखान्यात गेल्यावर त्यातलं काही हाती लागलं नाही. त्याच पैशात आणि वेळात आम्हाला खऱ्या माणसांबरोबर एखादं खरं काम द्यायचं. मुंबईच्या एस. पी. जैन संस्थेत एमबीएचे विद्यार्थी वस्तीतल्या शाळकरी मुलांचे मार्गदर्शक होतात, त्यांच्या घरी जातात. तिथे पगाराचा धाक चालत नाही, मुलाला तुम्ही आवडला नाहीत तर तो सरळ तोंड फिरवतो. शिकायला यापेक्षा चांगली जागा कोणती?

आणि सगळ्यात जास्त ज्याचं वाईट वाटलं ती चौफेर मताची प्रश्नावली. वरिष्ठ, बरोबरीचे आणि हाताखालचे, सगळ्यांनी तुमच्याबद्दल गुपचूप लिहायचं. कल्पना उत्तम. पण फॉर्म फक्त इंग्रजीत आणि फक्त ईमेलवर. माझ्या 23 माणसांपैकी तो भरू शकले चार, चौघंही इंजिनीअर. म्हणजे ज्यांच्या मताची मला सर्वांत जास्त गरज होती ते एकोणीस जण गळालेच. शिवाय चारच जण म्हटल्यावर गुप्तता कसली राहणार? एक वाक्य वाचून मी ओळखलं कुणी लिहिलं, आणि ते ओळखल्याचं ओझं माझ्यावर आलं. अहवाल शेवटच्या शनिवारी हातात दिला, 14 पानं, आणि त्यावर कुणाशी बोलायची सोय नव्हती. माणसाला त्याच्याबद्दलची इतकी मतं देऊन घरी एकटं पाठवू नये. आमच्या वर्गातल्या एक ताई त्या दिवशी पार्किंगमध्ये रडत होत्या, आम्ही दोघी-तिघी साडेसहापर्यंत त्यांच्याबरोबर थांबलो.

तर, फोन करणाऱ्या चौघांना उत्तर. घ्या. पण प्रवेश घेण्याआधी जाऊन बसा आणि विचारा: शिकवणाऱ्यांनी स्वतः माणसं सांभाळली आहेत का, वर्गात मला करून बघायला किती तास मिळणार, मी बोलताना कुणी मला बघून तोंडावर सांगणार आहे का, आणि अहवाल दिल्यावर समोर बसून बोलायला कुणी आहे का. 54 जणांच्या वर्गात प्रत्येकाला कॅमेऱ्यासमोर एकदाच वेळ मिळते, 30 जणांच्या वर्गात दोनदा मिळेल. तो फरक फीपेक्षा मोठा आहे.

मी घरी आल्यावर त्या प्रश्नावलीतले दहा प्रश्न निवडून मराठीत लिहून काढले. ‘मॅडम चूक सांगतात तेव्हा चारचौघांत सांगतात की बाजूला घेऊन’, ‘मशीनमध्ये बिघाड दिसला तर त्यांना सांगायला भीती वाटते का’, असे. नाव लिहायचं नाही, टिक करायची, वाटलं तर खाली दोन ओळी. कँटीनच्या दाराशी बुटांच्या खोक्याला चीर पाडून ठेवलं. आठवड्यात 17 कागद परत आले. एकावर पेन्सिलने लिहिलं होतं, ‘मॅडम ऐकतात पण ऐकताना घड्याळ बघतात.’ आता सकाळच्या बैठकीला जाताना मी घड्याळ ड्रॉवरमध्ये ठेवते.

तो मराठी फॉर्म मी मॅडमना पाठवला, पुढच्या बॅचला वापरून बघते म्हणाल्या. कुणाला हवा असेल तर माझ्याकडे मागा, एकच पान आहे, दोन्ही बाजूंनी छापलेलं.